तुरुंगात साथ आली तर तपासणी कशी करायची: एका निवृत्त मिश्रकाची टिपणं

मे महिन्यात दुपारी दोनला पोलिसांची गाडी गेटसमोर थांबली की तिच्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाला ताप असतो. निदान कपाळावर रोखायच्या त्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरला तरी तसं वाटतं. गाडीचा पत्रा तापलेला, माणूस तासभर आत कोंबलेला, कपाळाचा तवा झालेला. जूनमध्ये तीच गाडी येते, उतरलेला माणूस चिंब भिजलेला असतो आणि मशीन दाखवतं 34. पहिल्या पावसात मी असले आकडे निमूटपणे रजिस्टरात चढवत होतो. शेवटी आमच्या सुभेदारांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "मिश्रक, 34 ला माणूस जिवंत असतो का हो?"

तर आधी एक बाकडं आणा. ते गेटच्या आत, पडवीत, सावलीला ठेवा. आलेल्याला तिथे वीस मिनिटं बसवा, कपाळ कोरडं पुसायला फडकं द्या, प्यायला पाणी द्या आणि मग मशीन लावा. आकडा विचित्र वाटला तर काखेतलं साधं थर्मामीटर लावून बघा. ही वीस मिनिटं वाया जात नाहीत. खरी तपासणी त्याच वेळात होते, कारण बाकड्यावर बसलेला माणूस बोलतो.

मी किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा कारागृहात मिश्रक होतो. म्हणजे गोळ्या द्यायच्या, पट्ट्या बांधायच्या, रजिस्टरं लिहायची. वैद्यकीय अधिकारी आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी दिवस फोनवर. कोविडची दोन्ही वर्षं मी त्या गेटवर काढली. नव्याने रुजू होणाऱ्या मिश्रकांसाठी आणि परिचारिकांसाठी हे लिहितोय. परिपत्रकात काय असतं ते तुम्हाला मिळेलच. त्यात नसतं ते इथे जास्त आहे.

बाकड्यावर बसलेल्याला "ताप आहे का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, "माका काय जाला नाय." त्याऐवजी विचारा, काल रात्री कुठे झोपलास? किती जण होते त्या खोलीत? सकाळच्या चहाची चव लागली का? घरी कोण खोकतंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळपासून कुठली गोळी घेतलीस का? हा शेवटचा प्रश्न मला एका पोराने शिकवला. गोवा बनावटीच्या दारूच्या केसमध्ये तिघे आले होते. तिघांचंही तापमान व्यवस्थित. संध्याकाळी गिनतीच्या, म्हणजे बंद्यांच्या मोजणीच्या वेळी त्यातला एक थंडीने कुडकुडत होता. पोलीस कोठडीत असतानाच त्याने पॅरासिटॅमॉलच्या दोन गोळ्या मागून घेतल्या होत्या. का, तर ताप निघाला की जामिनाची तारीख हुकते आणि एकट्याला अंधाऱ्या खोलीत टाकतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता, पुढे त्याबद्दल लिहितोच.

आणखी एक. आमच्या वेळी लागू असलेल्या 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे दाखल होणाऱ्या प्रत्येक बंद्याची वैद्यकीय तपासणी करून प्रकृती आणि अंगावरच्या जखमा किंवा खुणा लिहायच्या असायच्या. साथीच्या काळात सहा फुटांवरून बघून "खुणा नाहीत" लिहायची सवय लागते. मलाही लागली होती. पीपीई किट घाला, मास्क लावा, पण सदरा काढायला सांगा आणि पाठ बघा. साथ असली म्हणून कोठडीत मार बसायचा थांबत नाही.

आता जागा. जागा नसेल तर तपासणीचा काही उपयोग नाही, हे वरिष्ठांना पहिल्याच बैठकीत सांगा. पॉझिटिव्ह निघालेला ठेवायचा कुठे आणि रिपोर्टची वाट बघणारा ठेवायचा कुठे, याचं उत्तर नसताना नाकात चाचणीच्या कांड्या घालत सुटण्यात काय अर्थ? 23 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतली गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रातही समिती झाली, लोक तात्पुरत्या जामिनावर आणि रजेवर सुटले, आणि आमच्याकडे एक बॅरक अर्धी रिकामी झाली. ती आम्ही पूर्ण रिकामी करून नवीन दाखल होणाऱ्यांसाठी ठेवली. नंतर ठिकठिकाणी शाळा आणि वसतिगृहं घेऊन तात्पुरती कारागृहं झाली. लोकांना हे नवीन वाटलं, पण त्याच जुन्या अधिनियमाच्या कलम 7 मध्ये साथ पसरली तर तात्पुरत्या कारागृहात सोय करावी असं लिहिलेलं आहे. 1894 साली लिहिणाऱ्यांनाही गर्दी आणि साथ यांचं नातं कळत होतं. पत्रव्यवहार करताना आम्ही हे कलम लिहायचो, फाईल लवकर हलायची.

विलगीकरणाच्या खोलीचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कोविडची लागण झाल्यावर लक्षणं यायला तेव्हा साधारण पाच-सहा दिवस लागायचे, उशिरात उशिरा चौदा. म्हणून चौदा दिवस. सोमवारी तिघे आले, त्यांना खोलीत ठेवलं. गुरुवारी आणखी दोघे आले आणि जागा आहे म्हणून त्याच खोलीत घातले, की सोमवारच्या तिघांचे दिवस पुन्हा शून्यापासून सुरू होतात. हे कोणी मोजत नाही. कागदावर त्यांचे चौदा दिवस संपतात, ते आतल्या बॅरकीत जातात आणि गुरुवारच्यांकडून घेतलेलं सोबत नेतात.

यावर उपाय म्हणजे खेप. एका खेपेत दोन दिवसांत आलेले सगळे. दार लागलं की त्या खोलीत नवा माणूस नाही, मग आत एकच जण का असेना. दारावर खडूने तारीख लिहायची, आत शिरल्याची आणि बाहेर पडायची. आमच्याकडे अशा चार खोल्या झाल्या, त्यातली एक जुनी कोठाराची होती. पाचवी खेप आली तेव्हा अधीक्षकसाहेबांनी स्वतःचं कार्यालय व्हरांड्यात हलवलं. सगळे साहेब असे नसतात, पण मागून बघायला काय जातं?

खेपेची भांडी वेगळी, संडासाची वेळ वेगळी, भत्ता, म्हणजे जेवण, वाटणारा माणूसही एकच. आणि खोलीतला कोणी कोर्टात प्रत्यक्ष नेला तर परत आल्यावर तो नव्या खेपेत. म्हणून शक्य तेवढ्या तारखा व्हिडिओवर घ्यायला कोर्टाला पत्र द्या.

चाचणीबद्दल. दोन चाचण्या तुमच्या हातात असतील, अँटिजेन आणि प्रयोगशाळेत होणारी आरटीपीसीआर, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. अँटिजेन किट जागच्या जागी पंधरा मिनिटांत सांगतं. पंधरा मिनिटांच्या आधी बघू नका आणि तीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. मी एकदा चहा घेऊन आलो, चाळीस मिनिटांनी फिकट रेघ दिसली आणि उगाच एका माणसाला दोन दिवस घाम फोडला. 14 जून 2020 ला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, या किटला परवानगी दिली, तेव्हाचे त्यांचे आकडे पाठ करा. पॉझिटिव्ह आली तर जवळजवळ खात्रीने खरी, 99.3 ते 100 टक्के विशिष्टता. पण संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के. आमच्या भाषेत सांगायचं तर दहा बाधित माणसं समोर बसवली तर चांगल्या दिवशी दोन सुटतात आणि वाईट दिवशी पाच. म्हणूनच लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच, हा नियम तेव्हाच घालून दिला होता. गेटवर अँटिजेन निगेटिव्ह आली म्हणून माणूस थेट आत सोडू नका. पहिल्या दिवशीच्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की आज सापडलं नाही. आम्ही आल्या दिवशी एक आणि खेप आत सोडायच्या आधी एक, अशा दोन करायचो. किटं कमी असतील तेव्हा पहिली सोडा, दुसरी सोडू नका.

आरटीपीसीआरचे नमुने सुरुवातीला घाट चढून मिरजेला जायचे. रिपोर्टला चार-पाच दिवस, दरड आली की आणखी. पुढे जिल्ह्यात प्रयोगशाळा झाली आणि जीव भांड्यात पडला. नमुन्याची नळी 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. 16 मे 2021 ला तौक्ते वादळात वीज गेली ती काही दिवस आलीच नाही. आमचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं. तेव्हा जेटीवरच्या बर्फ कारखान्यातून मासळीच्या बर्फाची लादी आणली, फोडली आणि थर्मोकोलच्या खोक्यात भरली. नळ्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर बर्फाच्या पाण्याने चिकटपट्टीवरची नावं धुऊन जातात. आणि नळीवर नुसतं नाव नको, बंदी क्रमांकही घाला. एका बॅरकीत दोन संतोष असतात, तीनही असतात.

आणखी एक कटकट म्हणजे फॉर्म. त्यावर मोबाइल नंबर मागायचे. बंद्याकडे मोबाइल सापडला तर ती वेगळीच केस होईल! मी स्वतःचा नंबर घालत गेलो. एका रात्री अकराला माझ्या फोनवर सत्तावीस रिपोर्ट आले, बायको घाबरून उठली. कार्यालयाचा एक वेगळा नंबर पहिल्या दिवसापासून ठेवा. लसीच्या वेळीही हाच प्रश्न आला. ट्रॉलरवरच्या नेपाळी खलाशांकडे आधार कुठलं? मे 2021 मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत काढली, त्यात कारागृहातले बंदी स्पष्ट लिहिलेले होते. ते पत्र आम्हाला उशिरा कळलं. तुम्ही असली पत्रं स्वतः शोधत राहा.

कांडी घालताना जबरदस्ती करू नका. दोन शिपायांनी धरायचं आणि तिसऱ्याने नाकात घालायची, असं मी एकदा पाहिलंय. त्यानंतर त्या बॅरकीत महिनाभर कोणी खोकल्याची गोळीसुद्धा मागायला आला नाही. आधी स्वतःच्या नाकात घालून दाखवा. एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "काका, ही कांडी खयपर्यंत घालतलास? मेंदवाक लागतली मां?" म्हटलं, "नाय रे, मागे भिंत आसा, थयसर लागान परत येतली." तो हसला आणि मान वर केली. त्याच्यामागे उभे असलेले अकराही तयार झाले. कोणी नाहीच म्हणाला तर त्याला सांगायचं, ठीक, तुझे चौदा दिवस पूर्ण वेगळे. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी हाक मारतात. आणि त्याच बैठकीत "चला, रक्तही घेऊन टाकू" असं करून एचआयव्हीची चाचणी उरकू नका. तिच्यासाठी समुपदेशन आणि संमती कायद्याने लागते, 2017 चा कायदा आहे, आणि निकाल गुप्त ठेवायचा असतो. गिनतीच्या वेळी सगळ्यांसमोर नाव पुकारून नव्हे.

खोकल्याचं मात्र ऐका. एका खलाशाला खोकला होता. अँटिजेन निगेटिव्ह, आरटीपीसीआर निगेटिव्ह. मी रजिस्टरात लाल शाईने "निगेटिव्ह" लिहिलं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. दहा दिवसांनी पुन्हा निगेटिव्ह. तो बारीक होत चालला होता, रात्री घामाने सदरा भिजतो असं त्याच्या शेजारच्याने मला सांगितलंही होतं. महिन्याने थुंकी पाठवली, क्षयरोग निघाला. तोवर तो बावीस माणसांच्या मध्ये झोपत होता. डोळ्यांसमोर एकच रोग नाचत असला की असं होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम, यातलं एकही असेल तर कोविड काहीही निघो, थुंकी पाठवा. तसंच पावसाळ्यातल्या तापाचं. डोळे लाल आणि पोटऱ्या दुखतात असं म्हणाला तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, डोक्यात आणा, थंडी वाजून ताप चढत असेल तर मलेरियासाठी रक्ताची काच काढा, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. आपल्या किनाऱ्यावर जुलैत कोविड निगेटिव्ह म्हणजे काम अर्धंच झालं.

आता त्या अंधाऱ्या खोलीकडे येतो. आमच्याकडे सुरुवातीला पॉझिटिव्ह माणसाला शिक्षेच्या कोठडीत ठेवलं, कारण एकट्याला ठेवण्याजोगी दुसरी खोली नव्हती. मुलाखती तर मार्च 2020 पासून बंदच होत्या, त्यात त्याचा फोनही बंद, कॅन्टीन बंद, फिरणं बंद. म्हणजे ताप आला हा त्याचा गुन्हा. परिणाम काय झाला, तर रोज सकाळच्या रांगेतली डोकेदुखी, अंगदुखी, घसा एकदम नाहीसा झाला. मी खूश, साहेब खूश. एका शहाण्या जुन्या बंद्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आत सगळे खोकतायत. गिनतीला तेवढे श्वास धरून उभे राहतात."

मग आम्ही उलटं केलं. विलगीकरणातल्याला आठवड्याला इतरांपेक्षा एक फोन जास्त. दोनदा चहा. रेडिओ. सकाळी गरम पेज आणि खाराची फोड, जी एरवी कोणाला मिळत नव्हती. दाराची जाळी उघडी, दिवा चालू. वकिलाला त्याच दिवशी कळवायचं की तारीख व्हिडिओवर होईल, बुडणार नाही. कोठडीचं नाव बदलून 'आराम खोली' केलं तेव्हा हवालदार मला हसले. आठवड्याभरात सकाळच्या रांगेत सात जण घसा दाखवायला आले, त्यातले तिघे खरे होते, एक नुसता पेजेसाठी. त्यालाही दिली.

बाहेर काढायचा नियमही माणसाला आधीच सांगा. सौम्य आजाराचा रुग्ण लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता मोकळा करावा, हे धोरण 8 मे 2020 पासून होतं. मी मात्र खात्रीसाठी पुन्हा आरटीपीसीआर करत बसलो. विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे नाकात सापडतात आणि मशीन त्यांनाही पॉझिटिव्ह म्हणतं. ठणठणीत बरा झालेला एक माणूस माझ्या या हौसेपायी एकतीस दिवस एकटा राहिला. तो भेटला की अजून मला दिवस मोजून दाखवतो.

गंभीर कोण होतंय ते बोटावरच्या ऑक्सिमीटरने कळतं. सकाळ-संध्याकाळ बघा. खलाशांचे हात गार आणि नखं काळवंडलेली असतात, बोट चोळून गरम करा, दोनदा लावा. मग सहा मिनिटं आवारात चालवा. आकडा तीनाने उतरला किंवा 94 च्या खाली गेला, तर गाडी बोलवा. पोलिसांचा एस्कॉर्ट मिळत नाही ही अडचण रात्री दोनला सोडवायची नसते, ते पत्र दिवसाच तयार ठेवायचं.

कर्मचाऱ्यांवर खरं तर आधी लिहायला हवं होतं. भिंतीच्या आतला माणूस कुठे जात नाही. रोज आतबाहेर करतो तो आपण, गणवेश घालून. एप्रिल 2020 मध्ये मुंबई-पुण्यातली काही मोठी कारागृहं पूर्ण बंद करून कर्मचाऱ्यांनाही आतच ठेवलं होतं, तरी मे महिन्यात आर्थर रोडमध्ये शंभराहून जास्त बंदी पॉझिटिव्ह निघाले. आमच्यासारख्या लहान ठिकाणी तर शिपाई ड्युटी संपली की बाजारात, जेटीवर, वाडीतल्या बाराव्याला. तरी बाकड्यावर बसवायचो ते फक्त बंद्यांना. एका हवालदाराच्या घरी मुलाला ताप होता, त्याने सांगितलं नाही, कारण सांगितलं तर रजा खर्ची पडणार होती. तोही त्या गोळी खाणाऱ्या पोरासारखाच वागला. मग ठरवलं, घरात ताप आहे हे आपणहून सांगेल त्याची रजा कापायची नाही, ड्युटी बाहेरच्या मनोऱ्यावर. हे साहेबांकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि कर्मचाऱ्यांची अँटिजेन आठवड्यातून एकदा, पहिलं नाक अधीक्षकांचं, सगळ्यांच्या देखत.

बॅरकीत एक पॉझिटिव्ह निघाला तर घाईने माणसं इकडून तिकडे हलवू नका, हलवाहलवीत पसरतं. आधी कागदावर कोण कुठे पथारी टाकतो याचा नकाशा काढा. मुकादमाला पाठ असतो. डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन, पायाकडचे, शिवाय पत्ते खेळणारे, भत्ता वाटणारे आणि केस कापणारा. न्हाव्याला सगळे विसरतात. यांची चाचणी पहिली, बाकी बॅरकीची पाचव्या दिवशी, आणि मधल्या दिवसांत रोज फिरून विचारपूस.

सुटणाऱ्याला रिपोर्ट यायचाय म्हणून अडवून ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. जामिनाचा हुकूम आला की माणूस बाहेर. त्याच्या हातात चिठ्ठी द्या, मास्क द्या आणि गावात साथीचं काम बघणाऱ्यांना (कोविडमध्ये ग्राम कृती दल होतं) फोन करा, पण फोनवर एवढंच सांगा की अमुक तारखेपर्यंत वेगळं राहायचंय. कुठून आला ते सांगू नका. 2020 साली मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनासुद्धा वेशीवर अडवून शाळेत ठेवत होते, तुरुंगातून आलेल्याचं काय केलं असतं?

रजिस्टर. रकाने असे: बंदी क्रमांक, खेप, दारावरची तारीख, तापमान सावलीतलं, गोळी घेतली होती का, खोकल्याचे दिवस, वजन, चाचणी कोणती, किती वाजता घेतली, किती वाजता बघितली, आणि शेवटी एक रुंद रकाना, तो काय म्हणाला यासाठी. वजनाचा रकाना दर पंधरवड्याला भरा, तो खलाशी मला तिथेच दिसायला हवा होता. लाल शाई वापरू नका. शाईचं पेनच वापरू नका; जुलैत पानं इतकी सर्द होतात की अक्षर पलीकडे उमटतं. बॉलपेन सुतळीने बाकड्याला बांधून ठेवा, नाहीतर ते पोलीस घेऊन जातात.